आकाशात हरवलेले अडीच टन

१

अडीच टन इंधन चोरीला गेलं होतं आणि चोर मी होते. निदान माझ्यासमोर ठेवलेल्या कागदाचा अर्थ तोच होता.

कागदाची भाषा मात्र लोण्याहून मऊ. ‘आराखड्यातील अंतराच्या गणनेत अनवधानाने झालेली चूक.’ खाली एक रिकामी रेघ, माझ्या सहीसाठी. शेजारी पेन. पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलेलं, म्हणजे मला तेवढाही त्रास नको.

मी विमानं उडवत नाही. मी ती कागदावर उडवते. कुठून जायचं, अंतर किती, वारा कसा, वेळ किती लागेल आणि त्यासाठी टाक्यांत किती इंधन भरायचं, हा आराखडा उड्डाणाच्या दिवशी पहाटे मी करते आणि घरी जाऊन झोपते. आमच्या कंपनीचं सगळ्यात लांबचं उड्डाण माझ्याकडे होतं. इथून तिथवर दहा हजार किलोमीटर, मध्ये नुसतं पाणी आणि बर्फ. हवेतला वेळ साडेअकरा तास. पलीकडे टेकल्यावर टाक्यांत सात टन उरायला हवं. त्यातल्या पाच टनांना हात लावायचा नाही, असा कायदाच आहे.

त्या दिवशी साडेचार उरलं. शेवटच्या टप्प्यात कॅप्टनला रेडिओवर संकट जाहीर करून, रांगेतली इतर विमानं बाजूला सारून उतरावं लागलं. आतल्या दोनशे माणसांना कशाचाही पत्ता नव्हता. ती उतरली आणि बॅगा शोधायला गेली.

“अंतर चुकलेलं नाही,” मी म्हणाले.

टेबलापलीकडे आमचे व्यवस्थापक बसले होते. त्यांना सगळी कंपनी घड्याळसाहेब म्हणते. भिंतीवर चार घड्याळं आणि कपाटात वेळेवर विमानं सोडल्याबद्दल मिळालेली ढाल. दोन वर्षं ती आमच्याकडेच होती आणि साहेब ती स्वतःच्या रुमालाने पुसत.

साहेब उठले, भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर त्यांनी पट्टी ठेवली. “हे आपलं विमानतळ. हे तिकडचं. ही सरळ रेघ. आणि ही तुमची.” माझी रेघ कमानीसारखी वर, बर्फाळ भागाकडे गेलेली होती. “शाळेतलं पोर सांगेल कुठली लांब आहे. हजार किलोमीटरचा वळसा घातलात तुम्ही. एका तासाचं उड्डाण फुकट.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “साहेब, याच रेघेवरून दोन वर्षं विमान जातंय. तेव्हा कसं पुरलं?”

“ते सरकारी खात्याला सांगायचं नाही. त्यांना एक चूक हवी आणि एक नाव हवं. सहा महिने परवाना बंद, पगार चालू, मग परत या. सोमवारी अकरापर्यंत सही द्या. नाही दिलीत तर परवाना कायमचा जाईल, आणि तो कसा जाईल ते मी जातीने बघेन.”

माझा परवाना त्यांनी आधीच खणात ठेवला होता. मी पेनाला टोपण लावलं आणि बाहेर पडले.

२

मावशीने सगळं डोळे मिटून ऐकलं. ती तीस वर्षं विमानतळाच्या टॉवरवर होती. तिथे माणसं दिसत नाहीत, नुसते आवाज कानात येतात. त्या सवयीने आजही कुणी महत्त्वाचं बोलायला लागलं की तिचे डोळे आपोआप मिटतात. माणूस दिसायला लागला की ऐकू यायचं बंद होतं, असं तिचं म्हणणं. शेजारच्यांना वाटतं बाईंना झोप लागली.

“रडणारेस की भांडणारेस?” तिने विचारलं.

“भांडणार.”

“मग आधी जेवून घे. उपाशी माणूस भांडताना मुद्दा विसरतो.”

जेवता जेवता तिने मला उलटंपालटं करून विचारलं. एखाद्या विमानाला इंधन कमी पडलं तर कारणं किती? मी सांगितली. अंतर जास्त निघालं, समोरून वारा जोराचा आला, विमान हाकलं वेडंवाकडं, किंवा मुळात भरलंच कमी.

“आणि नोंद काय म्हणते?”

“सकाळी दहाला सुटलं, रात्री साडेदहाला टेकलं.” आम्ही सगळा हिशेब इथल्याच घड्याळाने करतो, तिकडे पहाट असो की दुपार. “सुटल्यापासून धावपट्टीपर्यंत जायला दहा मिनिटं धर. म्हणजे हवेत बारा तास वीस मिनिटं. माझ्या आराखड्यापेक्षा पन्नास मिनिटं जास्त. साहेब म्हणतात तीच माझ्या वळशाची पन्नास मिनिटं.”

तेव्हा विमान कुठे आहे ते हातातल्या फोनवर बघायचे दिवस नव्हते. कॅप्टन हाताने वेळा लिहायचा. दुसरी खात्री एकच, टॉवरवर रेकॉर्ड होणारं बोलणं. मावशी चप्पल घालून तडक तिकडे गेली आणि दोन तासांनी परत आली ती फणफणतच.

“रेकॉर्डिंगच्या पट्ट्या पुसल्या. दर महिन्याने पुसून पुन्हा वापरतात, माझ्या वेळेपासून तसंच आहे. आणि तिथली पोरं म्हणतात, दिवसाला शंभर विमानं, एकाची आठवण कोण ठेवणार.” तिने चप्पल भिरकावली. “उड्डाण होऊन किती दिवस झाले?”

“महिन्याच्या वर चार.”

“आणि तुला कागद कधी दाखवला?”

“आज.”

“चार आठवडे कंपनी मूग गिळून बसली आणि पट्टी पुसल्यावर तिला तुझी चूक सापडली,” मावशी म्हणाली. “बये, त्या पट्टीवर काहीतरी होतं.”

३

पहिला संशय सगळ्यांचा असतो तो इंधनवाल्यावर. टँकर त्याचा, नळी त्याची, आणि इंधन विकून त्याने घर बांधलं अशी अफवा कँटीनमध्ये कायम गरम असते. आम्ही त्याच्या आवारात गेलो तेव्हा तो नळी गुंडाळत होता. आम्हाला बघून त्याने ती खाली टाकली.

“या. माझ्याकडे यायला उशीरच केलात,” तो म्हणाला. “काहीही कमी पडलं की सगळे सरळ माझ्या दारात. घर माझ्या बायकोच्या पगारातून झालंय, हेही एकदा लिहून लावणार आहे इथे.”

“घराचं नाही विचारायचं आम्हाला,” मावशी म्हणाली. “भरलं किती?”

“हिने सांगितलं तेवढं. टँकरचा काटा वेगळा, विमानातला काटा वेगळा. दोन्ही जुळल्याशिवाय कॅप्टन मला हलू देत नाही. मी एकटा चोरी करायची म्हटली तरी जमायची नाही, त्यालाही वाटा द्यावा लागेल.” मग तो जरा निवळला. “बरोबर होतं भरलेलं. दहाच्या ठोक्याला चाकांखालचे ठोकळे काढले, इंजिनं सुरू झाली, विमान सुटलं. माझा टँकर दुसऱ्या बाजूला गेला.”

“धावपट्टी दिसते इथून?”

“कुठली दिसतेय. मध्ये सगळी गोदामं. मला ठोकळे दिसतात, तेवढी माझी दुनिया. साहेबांनाच विचारा ना, तेही तिथेच उभे होते.”

मी थबकले. घड्याळसाहेब केबिनमधून खाली उतरत नाहीत. उन्हाचा, धुराचा आणि आमच्यासारख्या लोकांचा त्यांना त्रास होतो.

“साहेब? खाली?”

“हो तर. कॅप्टन खिडकीतून हाताने नको नको करत होता आणि साहेब मला म्हणत होते, काढ ठोकळे.”

४

विमानातल्या मुख्य बाईंना सगळे ताई म्हणतात. हवाईसुंदरी म्हटलेलं त्यांना खपत नाही. सुंदरी म्हणता आणि उलटीची पिशवी हातात देता, असं त्यांचं म्हणणं. कँटीनच्या कोपऱ्यात त्या पाय वर घेऊन बसल्या होत्या.

मावशीने विचारलं, “त्या दिवशी निघायला काही अडचण आली होती का?”

ताईंचा चेहरा चटकन बंद झाला. “नेहमीसारखं. दहाला सुटलं. मला नोकरी करायचीय, बाई.”

“बरं, राहू दे,” मावशी म्हणाली आणि डोळे मिटले. “मला सांगा, बारा तास माणसं सांभाळायची म्हणजे छळच. त्यातल्या त्यात जास्त छळ कुणी केला?”

ही खरी चावी. ताई सुटल्याच. एकाने तीनदा जागा बदलून घेतली. एकाला खिडकी उघडून हवी होती. “आणि ते बाळ. आई गं. वर चढायला लागलो आणि त्याने जो टाहो फोडला, पुढच्या सगळ्या रांगा माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मीच चिमटा काढला. चढताना लहान मुलांचे कान दुखतात ना. म्हणून मी आयांना आधीच सांगून ठेवते, विमान हललं की बाटली तोंडात द्या. गिळत राहिलं की कान मोकळे राहतात.”

“मग या आईने ऐकलं नाही?”

“ऐकलं की बिचारीने. विमान हलल्या हलल्या पहिली बाटली दिली. ती संपली. मग बाळ झोपलं. उठलं, दुसरी दिली, तीही संपली. आणि ऐन चढायच्या वेळी तिच्याकडे थेंब नाही. मी धावत जाऊन दूध करून आणणार तर उड्डाणाच्या वेळी आम्हालाच उठायची बंदी. ती माझ्यावर चिडली, म्हणाली तुमचंच ऐकलं म्हणून असं झालं.” ताईंनी कप खाली ठेवला. “चूक तरी काय होती तिची?”

“काहीच नाही,” मावशी म्हणाली. “तिच्याइतकी खरं बोलणारी बाई त्या विमानात दुसरी नव्हती.”

बाहेर पडल्यावर मी मावशीचा हात धरला. “दहा मिनिटांत दोन बाटल्या आणि मध्ये एक झोप?”

“तुझ्या आईला विचार. तू एका बाटलीला अर्धा तास लावायचीस,” ती म्हणाली. “आता कॅप्टनकडे चल. आणि तिथे तोंड बंद ठेव. तुझा आवाज चढला की मला त्याचा ऐकू येणार नाही.”

५

कॅप्टन निवृत्तीला टेकलेला, साऱ्या वैमानिकांचा आदर्श. घरात गणवेश इस्त्री करून दाराला टांगलेला. त्याने मावशीला आवाजावरून ओळखलं. “टॉवरच्या बाई. किती वर्षं तुम्ही मला सुखरूप खाली आणलंत.” मग त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो बुटांना पॉलिश करायला लागला. बूट आधीच लखलखत होते.

“वारा कसा होता?” मावशीने विचारलं.

“हिच्या आराखड्यात होता तसाच. हिचा वारा कधी चुकत नाही.” एवढं तरी तो खरं बोलला, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

“वाट?”

“हिने आखलेली. एक अंशही सोडली नाही.”

“वेग?”

“नेहमीचाच. बाई, काय सांगू, दहाला सुटलो, साडेदहाला टेकलो. वेळ का जास्त लागला ते हिशेबवाल्यांनी बघावं.”

मावशीचे डोळे मिटलेले. “उडालात कधी?”

पॉलिशचं फडकं थांबलं.

“दहा वाजून दहा मिनिटांनी. लिहिलंय मी.” आणि आम्हाला दार दाखवत म्हणाला, “मला आवरायचंय.”

जिन्यात मावशी एका पायरीवर बसली. “टॉवरवर आम्ही ‘सुटलं’ हा शब्द कधी वापरत नाही. जागेवरून हललं की तुमच्या लेखी विमान सुटतं. आमच्या लेखी चाकं जमिनीवरून उचलली की ते उडतं. मधे काय होतं ते फक्त आम्हाला दिसतं. काल-आज तीन माणसं माझ्याशी बोलली. तिघंही म्हणाली, दहाला सुटलं. उडालं कधी, ते मी विचारेपर्यंत एकानेही सांगितलं नाही.”

“पण बाळाच्या दुधावर माझा परवाना परत येणार नाही, मावशी. साहेब हसतील. कॅप्टनच्या हातची नोंद आहे.”

“मग तू काय नुसती वाऱ्याचीच हुशार आहेस? इंधन तुझं आहे. ते काय म्हणतं?”

मी तिच्याशेजारी बसले. जिन्यातल्या धुळीत बोटाने दोन आकडे लिहिले आणि पुन्हा तपासले. सगळे, त्यात मीसुद्धा, इंधन कमी का पडलं हे विचारत होतो. ते एवढं उरलं कसं, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

६

सोमवारी अकराला घड्याळसाहेबांनी साक्षीला कॅप्टनलाही बोलावून ठेवलं होतं. मावशी माझ्याबरोबर आत शिरली. तिला अडवायची छाती तिथल्या कुणाचीही नव्हती.

“आधी अंतर,” मी म्हणाले. साहेबांच्या टेबलावर शोभेचा पृथ्वीगोल होता. मी मावशीच्या पिशवीतला दोरा काढला, एक टोक आपल्या विमानतळावर दाबलं, दुसरं तिकडच्या, आणि ताणला. दोरा आपोआप वर सरकला आणि बर्फाळ भागावरून गेला, बरोबर माझ्या रेघेवर. “पृथ्वी गोल आहे, साहेब. सपाट कागदावर वाकडी दिसते तीच गोलावर सगळ्यात जवळची वाट. तुमच्या पट्टीने गेलं असतं तर विमान लांबून गेलं असतं.”

“दोऱ्याने विमानं चालत नाहीत,” साहेब म्हणाले. “पन्नास मिनिटं जास्त लागली, हे खरं ना?”

“खरं. पण कुठे लागली? हे विमान हवेत तासाला दहा टन खातं. पन्नास मिनिटं जास्त उडालं असतं तर आठ टनांच्या वर गेलं असतं. उरणार होतं सात. म्हणजे धावपट्टी दिसायच्या आधीच इंजिनं बंद पडली असती आणि कॅप्टन इथे बसले नसते. समुद्रात असते, त्या दोनशे माणसांसकट.”

मी कॅप्टनकडे बोट केलं.

“ते आले, कारण कमी पडलं फक्त अडीच टन. पन्नास मिनिटांत अडीच टन इंधन जाळायची एकच रीत आहे. जमिनीवर, इंजिनं चालू ठेवून, नुसतं उभं राहायचं. उभ्या विमानाला तासाला तीन टन लागतं. करा हिशेब. विमान दहाला सुटलं आणि अकराला उडालं.”

“का उभं राहिलं, तेही सांगते,” मावशी म्हणाली. “पुढच्या आकाशात गर्दी असली की टॉवर सांगतो, अकराशिवाय जाता येणार नाही. शहाणा माणूस इंजिनं बंद ठेवून जागेवर थांबतो. पण जागेवर थांबलं तर उशिराची नोंद होते. ठोकळे काढून चार पावलं पुढे नेलं की कागदावर वेळेवर सुटलं. म्हणून तुम्ही खाली उतरलात, साहेब. ढाल जाणार होती ना त्या महिन्यात?”

घड्याळसाहेबांनी नकार दिला नाही. तेवढे ते हुशार होते. त्यांनी सहीचा कागद उचलला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

“ठीक आहे. जगभर विमानं अशी उभी राहतात, तो काही गुन्हा नाही. कुणी मेलेलं नाही.” त्यांनी खणातून माझा परवाना काढून टेबलावर ठेवला. “हा तुमचा. आजच कामावर या, पगारही वाढवतो. सरकारी खात्याला मी कळवतो की इंधनाचा काटा बिघडलेला होता. काट्याला काही वाटत नाही. विषय संपला.”

परवान्यावर माझा जुना फोटो होता. हा परवाना मिळवायला मी चार वर्षं रात्रीचा दिवस केला होता. हात पुढे केला की झालं असतं. मला तो हवा होता, फार हवा होता, हे मी कशाला लपवू.

“आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ठोकळे काढाल,” मी म्हणाले.

“ते तुमचं काम नाही.”

“माझंच आहे. इंधन मी मोजते आणि त्यावर माणसं बसतात. आज काट्याच्या नावावर खपवलंत, उद्या कुणाच्या?” मी परवाना त्यांच्याकडे सरकवला. “ठेवा. मी सरकारी खात्यात चालले. त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे पुरावा काय, तर गोल आणि दोरा घेऊन त्यांच्याही टेबलावर उभी राहीन. रोज राहीन.”

“तुमचं ऐकणार कोण? कॅप्टनची नोंद आहे, दहा वाजून दहा. नोकरी मात्र नक्की जाईल. दुसरी कंपनीही तुम्हाला दारात उभं करणार नाही, याची मी काळजी घेईन.”

“घ्या,” मी म्हणाले.

मी उठले. मावशी उठली. दारापर्यंत पोहोचलो तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“थांब,” कॅप्टन म्हणाला. त्याचा आवाज रेडिओवर असतो तसा सपाट झाला होता. “मी काटा बघितला होता. उडायच्या आधीच कमी झालं होतं. परत फिरायला हवं होतं, तर साहेब रेडिओवर म्हणाले, वारा मदत करेल. हिचा वारा बरोबर निघाला म्हणूनच खाली येता आलं आम्हाला, आणि मी हिचंच नाव खराब होऊ दिलं.”

“बसा खाली,” घड्याळसाहेब म्हणाले. “निवृत्तीला वर्ष राहिलंय. पेन्शनचा विचार करा.”

कॅप्टन बसला नाही. त्याने टेबलावरचा माझा परवाना उचलला, माझ्याजवळ आला आणि तो माझ्या हातात ठेवला.

“चल, मीही येतो,” तो म्हणाला. “तू नुसतं कागदावर उडवलंस. विमान मी उडवलं होतं.”